तुमचं काय चुकलं ते आपण तारखा लावून बघू

एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगते. वय २८, पहिलीच वेळ. १९व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचा मणका कमरेपाशी उघडा राहिलेला दिसला, म्हणजे स्पायना बायफिडा, आणि डोक्यात पाणीपण साठलेलं होतं. नवराबायकोनी डॉक्टरांशी तीन-चारदा बोलून गर्भपाताचा निर्णय घेतला, त्याला आता आठ महिने होतील. सासूबाई म्हणतात चौथ्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा तू भाजी चिरलीस. आई म्हणते स्कूटी चालवू नको म्हणून कितीदा सांगितलं होतं. जाऊबाईंना पपई आठवते. आणि ताईंना स्वतःला रात्री झोप लागत नाही तेव्हा तिसऱ्या महिन्यात डोकं दुखलं म्हणून घेतलेल्या दोन पॅरासिटामॉल आठवतात. विचारतायत की बाळ नेमकं कधी बनतं, माझं काय चुकलं, आणि परत असं होईल का.

ताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, २६ वर्षं झाली, त्यातली शेवटची बारा वर्षं फक्त गरोदर बायकांच्या सोनोग्राफीचं आणि बाळातल्या दोषांचंच काम करते. तुमच्यासारखी फाइल मांडीवर घेऊन बसलेली बाई माझ्यासमोर दर आठवड्याला असते आणि पहिला प्रश्न हाच असतो, माझं काय चुकलं. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. ह्या चारातली एकही गोष्ट कारण नाहीये. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही, तारखाच तसं सांगतात, आणि त्या तारखा तुम्हाला एकदा नीट कळल्या की पुढच्या वेळी काय करायचं तेही आपोआप कळेल, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आपल्याला वाटतं पोटात बाळ नऊ महिने बनत असतं. तसं नाही. बनायचं काम पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच बहुतेक उरकतं, पुढचे सगळे महिने मुख्यतः वाढायचे असतात (मेंदू सोडून, तो शेवटपर्यंत घडत असतो, जन्मानंतरही). आणि इथे मोजणीचा एक घोळ आहे तो आधी सोडवते, कारण त्यामुळे सगळ्यांचाच गोंधळ होतो. आम्ही डॉक्टर आठवडे मोजतो ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, पण गर्भ राहतो तो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे रिपोर्टवर सहा आठवडे लिहिलं असेल तर बाळाचं खरं वय चारच आठवडे. खाली मी जे दिवस सांगतेय ते बाळाच्या खऱ्या वयाचे आहेत, रिपोर्टशी जुळवायचे असतील तर दोन आठवडे मिळवा.

पहिला आठवडा सगळा प्रवासातच जातो. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू एकत्र येतात ते गर्भनलिकेत, तिथून एकाचे दोन, दोनाचे चार अशा पेशी होत होत तो गोळा चौथ्या दिवसाच्या सुमारास गर्भपिशवीत पोचतो, आणि सहाव्या-सातव्या दिवशी पिशवीच्या अस्तराला चिकटून आत रुजायला लागतो. रुजायला अजून चार-पाच दिवस. ह्या काळात सगळ्या पेशी जवळजवळ सारख्याच असतात, कोणी हाताची नाही की कोणी डोळ्याची नाही, त्यामुळे थोड्या मेल्या तर बाकीच्या त्यांची जागा भरून काढतात आणि बाळाला काही होत नाही, आणि खूप मेल्या तर तो गर्भ टिकतच नाही, पाळी चार दिवस उशिरा येते आणि बाईला कळतही नाही की दिवस राहिले होते. म्हणून पाळी चुकायच्या आधी, माहीत नसताना एखादी गोळी घेतली गेली, एक एक्स-रे निघाला, म्हणून घाबरून धावत येणाऱ्या मुलींना मी हेच समजावते. अपवाद आहेत, काही औषधं अंगात महिनोन्महिने राहतात, त्यांचं वेगळं, पण रोजच्या साध्या गोळ्यांचं हे असंच आहे.

तिसऱ्या आठवड्यात खरं काम सुरू होतं. तोवर बाळ म्हणजे दोन पापुद्र्यांची एक चपटी चकती असते, आता तिच्या मधोमध एक रेघ उमटते, त्या रेघेतून पेशी आत सरकतात आणि दोनाचे तीन पापुद्रे होतात. खारी उकलल्यावर पदर दिसतात ना, तसे. वरच्या पदरातून कातडी आणि मेंदू-मज्जासंस्था, मधल्यातून हाडं, स्नायू, हृदय, रक्त, किडन्या, आणि खालच्यातून आतड्याचं अस्तर, फुफ्फुसं, लिव्हर. ज्या दिवसांत हे चाललेलं असतं त्याच दिवसांत तुम्ही ‘पाळी दोन दिवस पुढे गेलीय, येईल’ असं म्हणत असता.

आणि आता तुमच्या बाळाच्या बाबतीत जे झालं ते. त्या वरच्या पदराचा मधला पट्टा जाड होतो, त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, मधे पन्हळ तयार होते, आणि मग त्या कडा एकमेकींकडे झुकून चिकटतात आणि नळी होते. ह्याच नळीचं एक टोक पुढे मेंदू होतं आणि बाकीची पाठीतली मज्जारज्जू. मी पेशंटला करंजी सांगते. पारी मुडपून कडा दाबत जातो तसंच, फक्त इथे दाबायला सुरुवात मधून होते, मानेपाशी, आणि तिथून दोन्ही बाजूंना, डोक्याकडे आणि कमरेकडे, कडा जुळत जातात. सुरुवात साधारण २२व्या दिवशी. डोक्याकडचं तोंड २५व्या दिवसाच्या आसपास बंद होतं, कमरेकडचं २८व्या दिवसापर्यंत. डोक्याकडचं राहिलं तर कवटी आणि मेंदूचा वरचा भाग तयारच होत नाही, ती बाळं जगत नाहीत. कमरेकडचं राहिलं तर स्पायना बायफिडा. आणि त्या २८व्या दिवशी अख्खं बाळ केवढं असतं माहितीये, चार-पाच मिलिमीटर, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान.

मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असताना आमच्या ॲनाटॉमीच्या मॅडमनी ३३ तास उबवलेल्या कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लाची स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावून दिली होती. झूलॉजी घेतलेल्यांनी बघितलीच असेल. वरच्या बाजूला नळी मिटलेली, मेंदूचे फुगवटे दिसायला लागलेले, आणि शेपटाकडे मात्र दोन्ही कडा अजून उघड्या, मधे शंकरपाळ्याच्या आकाराची फट. नंतर त्यांनी तीन दिवस उबवलेलं एक अंडं कोमट सलाइनच्या वाटीत हळूच फोडलं, तर पिवळ्यावर लाल रेघांचं जाळं आणि मधोमध मोहरीएवढा ठिपका, थडथड उडत होता. सगळी बॅच गप्प झाली होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की हे सगळं किती घाईत आणि किती नाजूक पद्धतीनं चाललेलं असतं, आणि बरोबर होतं तेव्हाच खरं तर आश्चर्य वाटायला हवं.

तर आता तारखा लावा. नळी मिटायचा शेवटचा दिवस २८वा, म्हणजे तुमची पाळी चुकल्यापासून दोन आठवडे, तुमच्या रिपोर्टच्या भाषेत सहा आठवडे. त्यानंतर मिटलेली नळी पपईनं उघडत नाही आणि न मिटलेली कशानंही मिटत नाही. ग्रहण होतं चौथ्या महिन्यात. म्हणजे जे राहायचं होतं ते राहून तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. पॅरासिटामॉल तिसऱ्या महिन्यात, तेव्हाही नळीचं काम संपलेलं होतं, आणि तशीही गरजेपुरत्या एक-दोन पॅरासिटामॉलनं मणका उघडा राहतो असं नाही. स्कूटीच्या धक्क्यानं कुठलंही व्यंग होत नाही, गर्भ पाण्याच्या पिशवीत आणि ती पिशवी कमरेच्या हाडांच्या आत, सुरुवातीला तर पूर्णच आत असते. पपईचं म्हणाल तर पिकलेली पपई खाऊन बाळात दोष आल्याचं मी वाचलं नाही, ऐकलं नाही, बघितलं नाही.

ग्रहणाबद्दल एक सांगते. आपल्याकडे ही भीती खूप खोलवर आहे आणि ती मुख्यतः फाटलेल्या ओठाशी जोडलेली आहे, ग्रहणात चिरलं की बाळाचा ओठ चिरतो. ओठाचे भाग जुळतात ते सहाव्या-सातव्या आठवड्यात, आणि दुभंगलेल्या ओठाची बाळं ज्या देशांत ग्रहण कोणी पाळत नाही तिथेही जन्मतात, जवळपास हजारात एक. सासूबाईंवर रागावू नका, त्यांनी ऐकलेलं त्या सांगतायत, आणि नातवंड गेल्याचं दुःख त्यांनाही कुठेतरी ठेवायचंय. पण ते दुःख तुमच्या विळीवर ठेवायला देऊ नका. ग्रहण पाळायचं असेल तर पाळा, फक्त गरोदरपणी चार-पाच तास उपाशी आणि पाण्याशिवाय बसू नका, चक्कर येऊन पडलेल्या पोरी मी बघितल्यात.

बाकी अवयवांचं भराभर सांगते. हृदय २२व्या दिवसाच्या सुमारास उडायला लागतं, तेव्हा ती एक सरळ नळी असते, मग ती वळते, तिच्यात पडदे येतात, सातव्या आठवड्याच्या शेवटापर्यंत चार कप्पे होतात, आणि पडदा पूर्ण जुळला नाही की आपण म्हणतो हृदयाला भोक आहे. जन्मजात दोषांत हृदयाचेच सगळ्यात जास्त, हजारात सुमारे आठ. हात २६व्या दिवशी आणि पाय त्यानंतर दोन-एक दिवसांनी कोंबासारखे फुटतात. हाताचा पंजा आधी वल्ह्यासारखा सपाट असतो आणि मग बोटांच्या मधल्या पेशी ठरल्या वेळी मरून जातात म्हणून बोटं सुटी होतात, त्या मेल्या नाहीत तर बोटं जुळलेली राहतात. म्हणजे बनण्यात मरणंही आलंच. आतडी वाढतात इतक्या वेगानं की पोटात मावतच नाहीत, म्हणून काही आठवडे नाळेच्या मुळाशी बाहेर जातात आणि रिपोर्टच्या बारा आठवड्यांच्या आसपास परत आत येतात, त्यामुळे दहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ‘आतडी बाहेर आहेत’ असं कोणी म्हटलं तर लगेच हादरून जाऊ नका, बाराव्या-तेराव्याला परत बघायचं असतं.

आता कारणं. दर शंभर बाळांत साधारण तिघांना जन्मतः मोठा दोष असतो, कुठल्याही देशात, कुठल्याही घरात. आणि आता जे सांगणार आहे ते आम्हा डॉक्टरांनाही बोलायला जड जातं, त्यातल्या निम्म्याहून जास्त बाळांत एक नेमकं कारण सापडतच नाही. शोधलं नाही म्हणून नव्हे, सगळं शोधूनही.

काहींत गुणसूत्रांचा दोष असतो, डाउन सिंड्रोम हे ओळखीचं उदाहरण. बाईची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होऊन अर्ध्या विभाजनात थांबलेली असतात, आणि वीस, तीस, चाळीस वर्षं तशीच थांबून मग पुढचं विभाजन करतात, त्यात वय वाढेल तशी चूक व्हायची शक्यता वाढते, डाउनचं बाळ व्हायची शक्यता ३५व्या वर्षी साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक. पण एकूण बाळं तरुण आयांनाच जास्त होतात म्हणून डाउनची बाळंही तरुण आयांच्याच मांडीवर जास्त दिसतात, त्यामुळे ‘माझं वय कमी आहे, मला टेस्टची काय गरज’ हे बरोबर नाही.

काहींत एका जीनचा दोष असतो. इथे आपल्याकडची मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्नाची पद्धत येते, पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात अजून भरपूर आहे. सख्ख्या मामे-आतेभावंडांत आठातला एक हिस्सा जीन सामायिक असतात, त्यामुळे एकाच आजोबांकडून आलेला दडलेला दोष दोन्ही बाजूंनी बाळाकडे यायची शक्यता वाढते. शंभरात तीनचे पाच-सहा होतात. म्हणजे चौऱ्याण्णव-पंचाण्णव बाळं तरीही ठीक असतात, म्हणून झालेल्या लग्नाबद्दल कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही, पण घरात आधी एखादं मूल तसं गेलं असेल तर पुढच्या वेळेआधी जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटाच.

मग बाहेरून येणारी कारणं. लोकांना वाटतं सगळे दोष औषधांनीच होतात. खरं तर बाहेरच्या कारणांचा वाटा शंभरात दहाच्या आत आहे, पण टाळता येण्यासारखा मोठा भाग तोच आहे म्हणून आमचा जीव त्यावर तुटतो. थॅलिडोमाइडचं तुम्ही ऐकलं असेल. पश्चिम जर्मनीत १९५७ साली झोपेची, मळमळीची निर्धोक गोळी म्हणून बाजारात आली, १९६१ च्या नोव्हेंबरात मागे घेतली, जगभरात मिळून हात-पाय नसलेली किंवा अर्धवट असलेली सुमारे दहा हजार बाळं जन्मली. जर्मनीत विडुकिंड लेंझ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड ह्या डॉक्टरांनी ते ओळखलं, आणि अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या सरकारी डॉक्टर बाई पुरावा मागत अडून बसल्या म्हणून तिथे ती विक्रीलाच आली नाही. त्या बाळांकडून एक गोष्ट शिकायला मिळाली, की गोळी कुठल्या दिवशी घेतली त्यावर दोष ठरतो. २०व्या ते ३६व्या दिवसांतच ती बाधत होती, आधीच्या दिवसांत घेतली तर कान, मग हात, मग पाय. पुढे घेतलेल्या आयांची बाळं हातापायांनी ठीक जन्मली. औषध तेच, बाई तशीच, आठवडा वेगळा.

रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, त्याचंही तेच. १९४१ साली सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग ह्यांच्या लक्षात आलं की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला अंगावर पुरळ येऊन गेलेलं होतं. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर दहातल्या आठ-नऊ बाळांना बाधतो, डोळे, कान, हृदय. आपल्याकडे २०१८ च्या शेवटी शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली, पालकांनी फॉर्मवर सही करायला काय खळखळ केली होती ते आठवतं मला. ती लस खरी तर त्या पोरींच्या पुढे होणाऱ्या बाळांसाठी होती. तुमची राहिली असेल तर आत्ता घ्या आणि त्यानंतर एक महिना दिवस राहू देऊ नका.

फिट्सच्या औषधांपैकी व्हॅल्प्रोएट हे मणक्याच्या दोषाशी थेट जोडलेलं आहे, ते चालू असताना शंभरातल्या दहा बाळांत काही ना काही मोठा दोष दिसतो. पण हे वाचून कोणी गोळी स्वतःहून बंद करू नका, फिट येऊन आई गेली तर बाळही जातं, मेंदूच्या डॉक्टरांना आधी भेटा, दुसरी औषधं आहेत. मुरुमांसाठी पोटातून घ्यायची आयसोट्रेटिनॉइन, ही तर कॉलेजच्या पोरी सर्रास घेतात, ती बंद केल्यावर निदान एक महिना थांबायचं. दारू, कितीही थोडी, नको. आणि साखर. आपल्याकडे पंचविशी-तिशीतल्या मुलींना डायबेटिस निघतोय आणि त्यांना माहीतही नसतं. पहिल्या आठवड्यांत रक्तात साखर जास्त असेल तर हृदय आणि मणका दोन्हीला धोका वाढतो. सहाव्या-सातव्या महिन्यात निघणारा गरोदरपणातला डायबेटिस वेगळा, त्यानं बाळ मोठं होतं पण अवयव बनून गेलेले असतात.

आणि एक गोष्ट, ज्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. मुलगा व्हायचं औषध. काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, दोन मुलींनंतरची तिसरी वेळ, सोनोग्राफी करताना नवऱ्यानं खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी काढून विचारलं की ही दुसऱ्या महिन्यात दिली तर चालेल ना, गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून द्यायचीय. करड्या रंगाची भुकटी, उग्र वासाची. मी त्याला टेबलासमोर बसवून कागदावर काढून दाखवलं की मुलगा की मुलगी हे गर्भ राहिला त्या क्षणीच तुझ्याकडून आलेल्या शुक्रजंतूनं ठरवलंय, आता कुठली पुडी ते बदलू शकत नाही, पण हात-पाय, हृदय, ओठ हे मात्र ह्याच महिन्यात बनतंय आणि ह्या पुडीत काय आहे ते ना तुला माहीत ना देणाऱ्याला. हरियाणात अशा औषधांचा अभ्यास झालाय, ती घेतलेल्या बायकांच्या बाळांमध्ये जन्मजात दोष जास्त सापडले आणि काही नमुन्यांत हार्मोनसारखं काम करणारे घटक निघाले. नेमक्या त्याच आठवड्यांत द्यायची पद्धत आहे ज्या आठवड्यांत काहीच द्यायला नको. पुडी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला.

हे सगळं सोडून जो निम्म्याहून मोठा भाग उरतो, त्यात थोडा कल जीन्सचा, थोडं पोषण, आणि बरंचसं निव्वळ घडून जाणं. एकसारखी जुळी असतात, तेच जीन, तीच आई, तेच नऊ महिने, आणि एकाचा ओठ दुभंगलेला तर दुसऱ्याचा ठीक. अजून एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. हृदय डावीकडे आणि लिव्हर उजवीकडे हे ठरतं तिसऱ्या आठवड्यात, चकतीवरच्या काही पेशींना बारीक केस असतात ते एकाच दिशेनं गरगर फिरून पाण्याचा प्रवाह डावीकडे लोटतात म्हणून. काही जणांत हे केस जन्मजात बिघडलेले असतात, हलतच नाहीत. मग सगळ्यांचं हृदय उजवीकडे जातं का, तर नाही, साधारण निम्म्यांचं डावीकडे आणि निम्म्यांचं उजवीकडे. दिशा दाखवणारं कोणी नसलं की नाणेफेक होते. गर्भात अशा नाणेफेकी ठिकठिकाणी होत असतात, आणि त्यातली एखादी विरुद्ध पडली तर ती आईनं फेकलेली नसते.

आता पुढच्या वेळेचं. एकदा असं बाळ झालं की परत व्हायची शक्यता शंभरात तीन-चार असते, म्हणजे काहीच केलं नाही तरी शंभरातली पंच्याण्णवच्या वर बाळं ठीक असतात. आणि इथे एक अशी गोष्ट आहे जी खरोखर काम करते, फोलिक ॲसिड, ब गटातलं एक जीवनसत्त्व. १९९१ मध्ये सात देशांतल्या ३३ केंद्रांत मिळून केलेल्या चाचणीचा निकाल आला, तुमच्यासारख्याच, आधी असं बाळ झालेल्या बायकांना रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड गर्भ राहायच्या आधीपासून दिलं, तर परत व्हायचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मधेच थांबवली. पूर्ण टळत नाही, पण शंभरात तीन-चारचं एकवर येतं.

पण ‘गर्भ राहायच्या आधीपासून’ हे शब्द परत वाचा. आपल्याकडे होतं काय, पाळी चुकली की आठ-दहा दिवस वाट बघतात, मग घरी किट, मग नवऱ्याला सुट्टी मिळेल तो रविवार, मग अपॉइंटमेंट, आणि आम्ही फोलिक ॲसिड लिहून देतो तेव्हा रिपोर्टवर सात-आठ आठवडे असतात. करंजी तळून झालेली असते हो, आणि आम्ही कडांना लावायला दूध देतो. सरकारी दवाखान्यातली लाल गोळी तर चौथ्या महिन्यापासून, ती रक्तवाढीसाठी चांगलीच आहे, पण नळीसाठी नाही. हे आमचंही अपयश आहे, आम्ही लग्नाच्या वयाच्या मुलींना हे सांगतच नाही. ज्यांना आधी काही झालेलं नाही त्यांनीही दिवस राहू द्यायचं ठरवलं की त्या महिन्यापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करावं, निदान एक महिना आधी.

तुमचा डोस मोठा. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची साधी गोळी मिळते, अगदी स्वस्त, ती तुमच्या डॉक्टरांना विचारून निदान दोन-तीन महिने आधीपासून आणि नंतर बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. मल्टिव्हिटॅमिनच्या चार-पाच गोळ्या घेऊन डोस भरू नका, त्यात जीवनसत्त्व अ असतं आणि ते जास्त झालं की तेच बाळाला बाधतं. सोबत बी-१२ तपासून घ्या. पुण्यात केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात निम्म्याहून जास्त बायकांत बी-१२ कमी सापडलं, आणि नळी मिटायला फोलिक आणि बी-१२ जोडीनं लागतात. तुम्ही शाकाहारी असाल तर हे नक्कीच बघा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, करा, डायबेटिस निघाला तर ते साडेसहाच्या खाली आणूनच पुढचा विचार करा. फिट्सची, मुरुमांची, कसलीही नेहमीची गोळी असेल तर ती आत्ता दाखवा, दोन रेघा दिसल्यावर नाही.

दिवस राहिले की बारा-तेरा आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका, कवटीचा दोष त्यातच दिसतो, आणि तुमच्या इतिहासामुळे मी सोळाव्या आठवड्याला परत एकदा मणका बघेन, मग १८ ते २० ची नेहमीची. मणका उघडा असेल तर गंमत अशी की आधी डोक्यातच कळतं, कवटीचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी दबून लिंबासारखा दिसतो आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला, कारण खालून पाणी गळून मेंदू ओढला जातो. डॉक्टरांना स्क्रीनवर दाखवायला सांगा की लिंबू नाही, केळं नाही, ते दाखवतील. ही तपासणी वीस आठवड्यांच्या आतच करायची, कारण गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या बदलानंतरही २४ आठवड्यांच्या पुढे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं आणि ते दिवस फार वाईट जातात.

आणि त्या दोन पॅरासिटामॉलचं. पुढच्या वेळी सुरुवातीच्या आठवड्यांत ताप आला, तर गोळीच्या भीतीनं घोंगडी घेऊन अंगात ताप मुरवत पडू नका. पहिल्या सहा आठवड्यांतला १०२-१०३ चा ताप त्या नळीला खरोखर बाधू शकतो. अंग पुसा, पॅरासिटामॉल घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.